ऑस्टरलीच्या जुन्या भिंती आणि रॉबर्ट ॲडम: मॉडेलच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

ऑस्टरली हाऊसचं थ्रीडी मॉडेल करायला घेतलंय. पश्चिम लंडनमध्ये हाउन्स्लोच्या अंगाला आहे हे घर, पिकॅडिली लाईनवर ऑस्टरली नावाचंच स्टेशन आहे, तिथून चालत जाता येतं. घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लाल विटांचं, जवळपास चौरस, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आणि समोर मधोमध पांढऱ्या दगडी खांबांचा भला मोठा पोर्टिको, म्हणजे देवळासारखा खांबांवरचा मंडप. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे दोन वेगळ्या घरांचे तुकडे एकत्र आणल्यासारखं वाटू शकतं, आणि एका अर्थी ते खरंच आहे, कारण चौरस आणि बुरुजांची कल्पना सोळाव्या शतकातली आणि पोर्टिको अठराव्या शतकातला.

मॉडेल का, तर अठराव्या शतकात हे घर बदलणारा आर्किटेक्ट रॉबर्ट ॲडम, त्याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात छतं, रंग, फर्निचर यावरच सगळा भर असतो. ते सुंदर आहेच, पण मला कायम वाटत आलंय की त्याची खरी करामत जुन्या भिंतींशी जुळवून घेत काढलेल्या प्लॅनमध्ये आहे. हे नुसतं बोलून कुणाला पटत नाही, जुना लेयर आणि नवा लेयर एकावर एक ठेवून दाखवायला हवं. म्हणून एकाच फाईलमध्ये तीन लेयर ठरवलेत. पहिला १५७० च्या दशकातला, सर थॉमस ग्रेशमचा. दुसरा १७६१ च्या आधीचा, चाइल्ड घराण्याकडे घर आलं त्या वेळचा. तिसरा १७८० च्या सुमाराचा, म्हणजे ॲडमचं काम संपत आलं तेव्हाचा.

भिंती मी स्केचअपमध्ये करणार आणि रेंडरचं काम, म्हणजे मॉडेलवरून खरी वाटणारी चित्रं काढायचं, पुण्यातला माझा मित्र ब्लेंडरमध्ये करणार, असं वाटून घेतलंय (दोन्ही थ्रीडीची सॉफ्टवेअर).

२१ जानेवारी, रविवार

पहिला लेयर. ग्रेशम हा राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातला बडा व्यापारी, लंडनचं रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांचं सौदे करण्याचं ठिकाण, उभारणारा. त्याने १५६२ मध्ये ही जमीन घेतली आणि १५७० च्या दशकात घर बांधून पूर्ण केलं. विटांचं घर, मध्ये चौक, चौकाभोवती खोल्यांच्या चार रांगा. राणी स्वतः इथे मुक्कामाला येऊन गेली.

त्या मुक्कामाची एक गोष्ट सतराव्या शतकातल्या एका लेखकाने लिहून ठेवलीये. राणीने चौक बघितला आणि म्हणाली की फार मोठा आहे, मध्ये भिंत घालून दोन भाग केले तर जास्त शोभेल. ग्रेशमने रातोरात लंडनहून कारागीर बोलावले आणि राणी सकाळी उठून बघते तर भिंत तयार. गोष्ट खरी असो नसो, मला ती या कामासाठी फार महत्त्वाची वाटते, कारण या घरात पहिल्यापासून बोलणं चौकाबद्दलच चाललंय. पुढे दोनशे वर्षांनी ॲडमने जे केलं तेही मुळात चौकाचंच काम आहे.

त्या भिंतीला पहिल्या लेयरमध्ये जागा दिलेली नाही. चौक मोकळा आणि जमिनीच्या पातळीवर धरलाय.

ग्रेशमच्या काळातलं घर कसं दिसत असेल याचा सगळ्यात चांगला पुरावा घरात नाही, बाजूच्या तबेल्यात आहे. तबेल्याची इमारत सोळाव्या शतकातली, बरीचशी शाबूत, बाहेरून जॉर्जियन काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुमाराला, थोडे बदल झालेत तेवढेच. विटेचा रंग, दरजांची जाडी, भिंतीचा जाडजूडपणा हे सगळं तिथून घेता येतं, फोटो काढून टेक्सचर तयार करतेय. इथली जुनी वीट एका रंगाची नसतेच, कुठे काळपट, कुठे नारिंगी, आणि मित्राला हे तीनतीनदा सांगावं लागलं की एकच लाल रंग फासू नकोस म्हणून, कारण रेंडरमध्ये एकसारखी वीट आली की चारशे वर्षं एका क्लिकमध्ये पुसली जातात.

३ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा लेयर, पटकन. ग्रेशमनंतर घराचे मालक बदलत गेले. १६८० च्या दशकात निकोलस बार्बनने घेतलं, हा १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरांच्या रांगाच्या रांगा बांधून विकणारा बिल्डर, आगीचा विमा सुरू करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. त्याने ऑस्टरली गहाण टाकलं, कर्ज फिटलं नाही, आणि १७१३ च्या सुमाराला घर सर फ्रान्सिस चाइल्डकडे आलं. चाइल्ड म्हणजे लंडनमधल्या फ्लीट स्ट्रीटच्या चाइल्ड्स बँकेवाला. थोडक्यात गहाणवटीत बुडालेली इस्टेट सावकाराच्या घरात गेली.

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा इथेच करून ठेवते. मुंबईचा कंपनी गव्हर्नर जॉन चाइल्ड, ज्याच्या वेळी १६८९ मध्ये सिद्दी याकूतने मुंबईला वेढा घातला, तो या घराण्यातला नाही. तरी ईस्ट इंडिया कंपनीशी या चाइल्डांचाही संबंध होताच, घराण्यातले काही जण कंपनीचे डायरेक्टर होते. घरात चिनी लाखकामाचं फर्निचर आणि चाइल्डांचं कुलचिन्ह काढून घेतलेली चिनी मातीची भांडी आहेत, ती कँटनहून ऑर्डर देऊन करून घेतलेली. तेव्हा ॲडमला लागलेला पैसा कुठून आला हे बघताना बँक आणि पूर्वेकडचा व्यापार दोन्ही समोर ठेवावे लागतात. घराच्या सौंदर्याबद्दल लिहिताना हे गाळणं मला बरोबर वाटत नाही, विशेषतः आपण लिहिताना.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्या लेयरला हात घालण्याआधी लाँग गॅलरी बसवली. बागेकडच्या म्हणजे पश्चिमेच्या बाजूला घराच्या जवळपास पूर्ण रुंदीभर ही एकच खोली आहे, साधारण १३० फूट लांब. हे काम ॲडमचं नाही, त्याच्या आधी इथे असलेल्या विल्यम चेंबर्सचं मानलं जातं. चेंबर्स आणि ॲडम हे त्या काळातले प्रतिस्पर्धी, १७६१ मध्ये दोघांचीही राजाचे वास्तुकार म्हणून एकदमच नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी तरुण फ्रान्सिस चाइल्डने, म्हणजे पहिल्या फ्रान्सिसच्या नातवाने, ॲडमला ऑस्टरलीवर बोलावलं.

म्हणजे ॲडम आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं ते बघा. सोळाव्या शतकातला चौरस, कोपऱ्यांचे बुरूज, आणि पश्चिम बाजू आधीच्या आर्किटेक्टने अडवलेली. ग्राहक म्हणतोय घर नवं दिसलं पाहिजे. प्रत्येक आर्किटेक्टला हे ओळखीचं वाटेल, मी लंडनमध्ये ज्या ऑफिसात काम करते तिथे रोज येणारी कामं हीच असतात, जुनी भिंत, जुना बीम, आणि ग्राहकाचं नवं स्वप्न.

फ्रान्सिस चाइल्ड १७६३ मध्ये ऐन तारुण्यात वारला. भाऊ रॉबर्ट चाइल्डने काम थांबवलं नाही, उलट पुढची जवळजवळ वीस वर्षं ॲडमकडून एकेक खोली करून घेत राहिला. ग्राहकाचा एवढा दम असणं हे या घराचं मोठं भाग्य.

२ मार्च, शनिवार

पोर्टिको आणि चौक. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतेय, आणि घालवायचाच आहे.

प्रश्न असा. चौक असलेलं घर बाहेरून बंद असतं, आत जाईपर्यंत चौक दिसत नाही. अठराव्या शतकातल्या श्रीमंताला मात्र समोरून रुबाब हवा, देवळासारखे खांब हवेत. साधा उपाय म्हणजे पूर्वेच्या दर्शनी भिंतीला बाहेरून पोर्टिको चिकटवायचा, इंग्लंडमध्ये ढिगानी घरांना असाच चिकटवलेला आहे. ॲडमने दर्शनी बाजू मधून उघडीच केली आणि त्या उघड्या जागेत, दोन बुरुजांच्या मध्ये, आयोनिक खांबांच्या (डोक्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या ग्रीक पद्धतीच्या) दोन रांगा उभ्या केल्या. पुढे सहा खांब, मागे पुन्हा खांब, वर पेडिमेंट, म्हणजे त्रिकोणी माथा. त्यामुळे या पोर्टिकोच्या मागे कुठलीच भिंत नाही, खांबांमधून आरपार चौक दिसतो. घर बंद पण आहे आणि उघडं पण.

दुसरी गोष्ट पातळीची, आणि ही फोटोत कळतच नाही, सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यासारखं ड्रॉइंग, काढल्याशिवाय कळत नाही. ॲडमच्या घरात चौक जमिनीवर नाहीये. तो मुख्य मजल्याच्या लेव्हलला आहे. बाहेरून रुंद पायऱ्या चढून पोर्टिकोत जायचं, तिथून सरळ चौकात, चौक ओलांडून हॉलमध्ये, आणि मागे लाँग गॅलरी. सगळी चढण पोर्टिकोच्या आधीच संपते.

मित्राने कॉलवर विचारलं, ‘अगं पण चौक वर घेण्याची एवढी उठाठेव कशाला? पायऱ्या आत हॉलमध्ये घेतल्या असत्या तर काम स्वस्तात झालं असतं की.’

म्हटलं, दोन्ही करून बघू. त्याच्यासाठी एक पर्यायी सेक्शन काढला, चौक खाली ठेवून आणि पायऱ्या हॉलच्या दारापाशी घेऊन, आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवून चालवला. फरक लगेच दिसतो. चौक खाली असला की तो विहिरीसारखा होतो, चारी बाजूंच्या भिंती अंगावर येतात, आणि खांबांमधून बाहेर बघितलं तर फक्त आकाश दिसतं. वर घेतला की भिंती बुटक्या होतात, चौक एखाद्या उघड्या दिवाणखान्यासारखा होतो आणि खांबांच्या मधून बाहेरचं पार्क दिसत राहतं. म्हणजे ॲडमने एका पातळीच्या हिशोबात चौकाचं रूपांतर घरातल्या पहिल्या खोलीत केलंय, जिला छत नाही एवढंच. मित्र म्हणाला, ‘पटलं.’

होरेस वॉलपोल नावाचा त्या काळचा मोठा पत्रलेखक १७७३ मध्ये इथे येऊन गेला, त्याने घराला राजवाड्यांचा राजवाडा म्हटलं आणि बुरुजांच्या मधली जागा भरून काढणाऱ्या या दुहेरी पोर्टिकोला थेट अथेन्सच्या प्रॉपिलियाच्या, म्हणजे तिथल्या ॲक्रोपोलिसच्या प्राचीन प्रवेशद्वाराच्या, बरोबरीला बसवलं. वॉलपोल सहजी कुणाचं कौतुक करणारा माणूस नव्हता. आणि त्याने नेमकी जागा ओळखली, बुरुजांच्या मधली जागा. बुरूज नसते तर हा पोर्टिको असा उभाच राहिला नसता, दोन्ही बाजूंना धरायला त्याला काहीतरी भक्कम लागत होतं आणि ते जुन्या घराने दिलं.

१६ मार्च, शनिवार

विटांबद्दल एक गोष्ट राहिली. ॲडमला वाटलं असतं तर तो सगळं घर गिलाव्याने झाकू शकला असता, त्या काळात असं सर्रास करत. इथे लाल वीट उघडी आहे आणि पांढरा दगड फक्त पोर्टिको आणि कडांना. रेंडरमध्ये एकदा सगळं घर पांढरं करून बघितलं, पोर्टिको त्यात पार हरवला. मागची वीट लाल असल्यामुळेच ते खांब एवढे उठून दिसतात.

६ एप्रिल, शनिवार

हॉल. चौक ओलांडून आलात की हा. पांढरा आणि राखाडी, बाकी जवळपास रंग नाहीच. आडवी लांब खोली, आणि दोन्ही टोकांना अर्धगोलाकार कोनाडे, खोलीच्या रुंदीला साजेसे मोठे, त्यांत पुतळे. भिंतींवर शस्त्रं आणि चिलखतांची स्टकोची, म्हणजे प्लॅस्टरच्या नक्षीची पॅनल्स. प्लॅस्टरचं काम जोसेफ रोझच्या लोकांचं, ॲडमच्या बऱ्याच घरांत हाच कारागीर दिसतो.

मॉडेलमध्ये कोनाडे काढून टाकून बघितलं तर ती खोली म्हणजे नुसता रुंद पॅसेज वाटते, लांबीच्या मानाने उंची कमी पडते. कोनाडे घातले की टोकं गोल होतात, नजर टोकाला आपटत नाही, वळून परत येते. आणि खाली संगमरवरी फरशीचं डिझाईन आहे ते वरच्या छताच्या डिझाईनला उत्तर देणारं, त्यामुळे खोली वरून आणि खालून एकत्र बांधल्यासारखी होते. उंची वाढवणं शक्य नव्हतं, तर उंचीकडे बघण्याची माणसाची नजरच बदलली.

फरशीसाठी छताचं ड्रॉइंग उलटं करून वापरावं असा मोह होतो, तो टाळला. दोन्ही हुबेहूब एक नाहीत, नातं आहे, आणि ते नातं हाताने काढावं लागतं.

१४ एप्रिल, रविवार

सायनला जाऊन आले. सायन हाऊस ऑस्टरलीपासून थोड्याच अंतरावर, थेम्सच्या काठाला, नॉर्थम्बरलँडच्या ड्यूकचं. ॲडमचं तिथलं कामही १७६० च्या दशकातलंच आणि तेही जुन्या चौकवाल्या घराचं रीमॉडेलिंग. (वॉलपोलने लिहिलंय की ऑस्टरली बघून सायनवाल्यांनी असूयेने मरावं.)

सायनचा हॉल बघताना माझा मुद्दा आणखी पक्का झाला. तिथे जुन्या घरामुळे जमिनीच्या पातळ्या जुळत नव्हत्या, हॉलच्या एका टोकाला पायऱ्या घेणं भाग होतं. ॲडमने त्या पायऱ्यांपुढे डोरिक (साध्या ग्रीक पद्धतीच्या) खांबांची जाळी उभी केली, आणि अडचण होती तीच आता त्या हॉलची सगळ्यात नाट्यमय जागा आहे. पुढची अँटेरूम, म्हणजे मुख्य खोल्यांआधीची खोली, मुळात चौरस नाही, एका बाजूने लांब आहे, तर त्याने हिरव्या संगमरवराचे खांब भिंतीपासून पुढे ओढून उभे केले आणि आतली जागा डोळ्याला चौरस केली. भिंत हलवता येत नाही ना, मग भिंतीच्या पुढे दुसरी हद्द आखायची. बारा खांब आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सोनेरी पुतळा. तिथे उभं राहिलं की भपका आधी दिसतो, पण त्या भपक्याच्या मागे प्लॅन दुरुस्त करण्याचं अगदी शांत डोक्याचं काम आहे, आणि मला त्या माणसाबद्दल खरंच खूप आदर वाटतो.

ॲडम स्कॉटलंडचा, जन्म १७२८, किर्कॉल्डीचा. १७५५ ते ५७ रोममध्ये राहून अवशेष मोजत होता, परत येताना आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला डायोक्लेशियन बादशहाचा राजवाडा मोजला आणि १७६४ मध्ये ती ड्रॉइंग्ज छापली. स्प्लिटचा राजवाडा म्हणजे काय, तर रोमन भिंतींच्या आत शेकडो वर्षं लोक घरं बांधून राहतायत असं अख्खं गाव. जुन्या भिंतींच्या आत नवं कसं राहतं हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. याचा ऑस्टरलीशी थेट संबंध आहे असा दावा नाही करत, पण मला तो विचार सोडवत नाही.

४ मे, शनिवार

ईटिंग रूम आणि लायब्ररी, दोन्ही १७६६ च्या सुमाराच्या.

ॲडमचं जेवणघराबद्दल ठाम मत होतं आणि त्याने ते लिहून छापलंय. जेवणाच्या खोलीत भिंतींना कापड किंवा टॅपेस्ट्री (चित्र विणलेला जाड पडदा) नको, अन्नाचा वास धरून राहतो, स्टको आणि चित्रं असावीत. ऑस्टरलीच्या ईटिंग रूममध्ये तेच आहे, भिंतींवर प्लॅस्टरकाम आणि अंतोनिओ झुक्कीची चित्रं, छताला द्राक्षवेल. आणि मधे कायमचं टेबल नाही! वीणेच्या आकाराच्या पाठीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, जेवायच्या वेळी घडीची टेबलं आत आणायची, जेवण झालं की उचलून न्यायची, आपल्याकडे पंगत उठली की पाट उचलतात तसं. म्हणून मॉडेलमध्ये टेबल टाकलेलं नाही. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारणारच की जेवणघरात टेबल कुठंय, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. मधली जागा मोकळी ठेवली तरच छताचं डिझाईन जमिनीवर उभं राहून नीट वाचता येतं.

लायब्ररी पांढरी, पुस्तकांची कपाटं भिंतीतच आयोनिक खांबांसकट बसवलेली, फर्निचर जॉन लिनेलचं, लाकडात लाकूड बसवून केलेलं नक्षीकाम. घाईत आहे, या खोलीवर नंतर लिहीन.

रंगांसाठी लंडनच्या सर जॉन सोन म्युझियमची फार मदत होते. सोनने १८३३ मध्ये ॲडम ऑफिसची जवळजवळ ९,००० ड्रॉइंग्ज विकत घेतली, ती आज तिथेच आहेत. आज खोलीत दिसणारा रंग आणि ड्रॉइंगवरचा रंग नेहमी जुळेलच असं नाही, मधल्या काळात रंगाचे हात चढत गेलेत. जिथे फरक आहे तिथे मी ड्रॉइंगचा रंग तिसऱ्या लेयरला दिलाय, कारण तो लेयर १७८० चा आहे, आजचा नाही.

२५ मे, शनिवार

ड्रॉइंग रूमचं छत. मोठा लंबगोल, त्यात शहामृगाच्या पिसांसारखी रचना, मधोमध सूर्यफूल. हे थेट सीरियातल्या पालमायराच्या सूर्यमंदिराच्या छतावरून घेतलेलं. सूर्यमंदिर म्हणजे आज ज्याला बेलचं मंदिर म्हणतात ते. ॲडम पालमायराला कधी गेला नव्हता, रॉबर्ट वुड तिथे जाऊन आला आणि १७५३ मध्ये त्याने अवशेषांची ड्रॉइंग्ज छापली, तिथून इंग्लंडभरच्या आर्किटेक्टांनी उचललं.

मूळ छत म्हणजे दगडाचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आयसिसने बेलचं मंदिर स्फोटकांनी उडवलं, मुख्य दाराची कमान तेवढी उभी राहिली. सीरियातला तो दगड गेला, आणि हाउन्स्लोमधल्या एका बँकरच्या दिवाणखान्यात प्लॅस्टरमध्ये त्याची आवृत्ती आहे. पाकळ्या काढताना हे सारखं मनात येत होतं, म्हणून या एका छतासाठी तयार टेक्सचर न वापरता पूर्ण भूमिती काढली, प्रत्येक पीस वेगळं.

खाली थॉमस मूरच्या कारखान्यात विणलेला गालिचा आहे, तोही छताशी बोलणारा. हॉलमध्ये दगडात जे केलं तेच इथे लोकरीत.

९ जून, रविवार

दक्षिणेच्या रांगेतल्या तीन खोल्या, टॅपेस्ट्री रूम, स्टेट बेडचेंबर आणि एट्रस्कन ड्रेसिंग रूम, एकामागोमाग एक. १७७० च्या दशकातल्या.

टॅपेस्ट्री रूमच्या भिंती पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणलेल्या, गडद गुलाबी-किरमिजी पार्श्वभूमीवर बूशे या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांची वर्तुळं. खोलीच्या मापाने विणून आणलेली टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीची मापं लंडनहून पॅरिसला गेली. जुन्या घरातली भिंत काटकोनात असेल याची खात्री नसते हे ज्याने मोजमाप घेतलंय त्याला माहीत आहे, त्यामुळे मला त्या मापं घेणाऱ्या अनाम माणसाचं फार कौतुक.

पलंग १७७६ चा, आठ खांबांचा, वर घुमट. वॉलपोलला हा आवडला नाही, घुमटाला टोपीवालीने सजवलंय, व्हिट्रुव्हियस (वास्तुकलेवर ग्रंथ लिहिणारा प्राचीन रोमन) काय म्हणेल असं त्याने लिहिलं. एट्रस्कन रूमही आवडली नाही, राजवाड्यातून निघून कुंभाराच्या आवारात आल्यासारखं वाटलं त्याला. मी इथे वॉलपोलच्या विरुद्ध आहे. एट्रस्कन रूममध्ये मातीच्या प्राचीन भांड्यांवरचे रंग, काळा आणि विटकरी, फिकट निळसर पार्श्वभूमीवर चारी भिंतींवर खेळवलेत, बारीक वेली, कमानी, छोटी चित्रं, आणि खुर्च्यांनाही तोच रंग. सगळं काम कागदावर रंगवून, कागद कॅनव्हासवर चिकटवून मग भिंतीला लावलेलं, बोर्न्यिस नावाच्या चित्रकाराने. वजन काहीच नाही. पोर्टिको करणारा माणूस पंधरा वर्षांनी इथे पोहोचतो, जिथे वास्तूच रेघांची झालीये, आणि मला ती वाढ बघताना आनंद होतो. एका घरात एकाच आर्किटेक्टची तरुणपणापासूनची चाल अशी खोलीखोलीने दिसणं दुर्मिळ.

२२ जून, शनिवार

घर एवढं जसंच्या तसं उरलं कसं, याची नोंद.

१७८२ मध्ये रॉबर्ट चाइल्डची एकुलती एक मुलगी सेरा ॲन वेस्टमोरलँडच्या अर्लबरोबर पळून गेली, स्कॉटलंडच्या हद्दीवर ग्रेटना ग्रीनला जाऊन लग्न केलं. बाप त्याच वर्षी वारला, पण मृत्युपत्र असं करून गेला की इस्टेट जावयाच्या वारसाकडे जाऊ नये. ती नातीकडे गेली, सेरा सोफियाकडे, आणि १८०४ मध्ये तिचं लग्न पुढे जर्सीचा अर्ल झालेल्या जॉर्ज व्हिलियर्सशी झालं. जर्सी कुटुंबाचं मुख्य घर ऑक्सफर्डशायरमधलं मिडलटन पार्क. म्हणजे ऑस्टरली दुसऱ्या नंबरचं घर झालं, आणि दुसऱ्या नंबरच्या घरावर कुणी फॅशनप्रमाणे पैसे उधळत नाही. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडभर ॲडमच्या खोल्या बदलल्या गेल्या, इथल्या वाचल्या.

१९३९ मध्ये नवव्या अर्लने घर लोकांसाठी उघडलं, १९४० मध्ये पार्कात होम गार्डचं, म्हणजे युद्धकाळातल्या स्वयंसेवक सैनिकांचं, ट्रेनिंग स्कूल होतं, १९४९ मध्ये घर नॅशनल ट्रस्टला दिलं. जिन्याच्या छताला रुबेन्सचं मोठं चित्र होतं, ते घराबाहेर नेल्यावर आगीत गेलं, आज तिथे प्रतिकृती आहे. आणि पार्काच्या मधून आता एम-फोर मोटरवे जातो.

६ जुलै, शनिवार

लेयर तिन्ही जुळवून झाले. प्रत्येक खोलीचं रेंडर केलं तर बघणारा पुन्हा छतांमध्येच अडकेल, म्हणून मित्राशी बोलून ठरवलंय की मुख्य चित्र एकच असेल, पूर्व-पश्चिम सेक्शन. पायऱ्या, पोर्टिको, चौक, हॉल, लाँग गॅलरी आणि बागेकडच्या वळणदार पायऱ्या, सगळं एका रेषेत. या रेषेवर ग्रेशम, चेंबर्स आणि ॲडम तिघेही येतात. खाली स्लायडर, तो सरकवला की १५७६ मधून १७८० मध्ये जाता येईल. पहिल्या लेयरच्या भिंती तपकिरी ठेवल्यात, ॲडमच्या काळ्या, आणि जिथे मला अंदाज करावा लागलाय तिथे तुटक रेघ.

स्लायडर फिरवल्यावर पहिल्यांदाच नीट दिसलं की तपकिरी रंग कुठे जातच नाही. काळ्या रेघा त्याच्या आत, पुढे, मध्ये येतात, पण चौरस आणि कोपरे हलत नाहीत. मित्राला चित्र पाठवलं, त्याने विचारलं, ‘पोर्टिकोच्या जागेची जुनी भिंत पूर्ण पुसायची का?’ म्हटलं नाही, तुटक रेघेत ठेव, ती तिथे होती म्हणूनच पोर्टिको तिथे आला.

लायब्ररीवर लिहायचं राहिलंय, ते आता सायनच्या कामाबरोबर. सायनची सुरुवात अँटेरूमपासून करणार, आधी मूळ लांबट खोली आणि मग पुढे ओढलेले खांब.